पोच आल्यावरच पुढे : मोबाइल अ‍ॅपच्या चाचणीत घड्याळावर किती विसंबावे?

लोणावळ्याला लागूनच, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला कुसगाव वसले आहे. पाठीशी सह्याद्रीचे डोंगर, गावाच्या हद्दीत उभी राहिलेली महाविद्यालये व नवी वसाहत, आणि या सर्वांच्या अधूनमधून अजून टिकून असलेली भाताची खाचरे, असे या मावळी गावाचे आजचे रूप आहे. खरिपाची लावणी उरकली की राज्यातील इतर शेतकऱ्यांप्रमाणे येथील खातेदारालाही आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करावयाची असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने, पूर्वी सर्वस्वी तलाठ्याच्या फेरीवर अवलंबून असलेले हे काम शेतकऱ्याच्या हाती दिले. पिकाचे नाव, क्षेत्र, छायाचित्र आणि जागेचे अक्षांश-रेखांश पाठवावयाचे व ती नोंद गाव नमुना बारामध्ये उमटावयाची, अशी ही व्यवस्था आहे. पिकाची नोंद सात-बारावर नसली म्हणजे पीकविमा, नुकसानभरपाई, पीककर्ज अशा ठिकाणी खातेदाराला काय सोसावे लागते, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सांगावयास नको.

अशा प्रकारच्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर पडद्यामागे काय घडते, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फोन उपग्रहांकडून जागेचा ठाव घेतो. छायाचित्र आकाराने लहान करतो. ते दूरच्या संगणकाकडे पाठवितो. तिकडून पोच येण्याची वाट पाहतो. आणि पोच आल्यावर ‘नोंद झाली’ असे दाखवितो. यांपैकी एकाही कामाला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. उघड्या माळावर क्षणात मिळणारा जागेचा ठाव डोंगराच्या कुशीत व झाडांच्या आडोशाला उशिरा मिळतो. पुण्याच्या कार्यालयात पापणी लवते न लवते तोच जाणारे छायाचित्र घाटमाथ्यावरील दुबळ्या संदेशवहनात बराच वेळ रेंगाळते, आणि कधी कधी अर्ध्यावरच अडते.

दळण आणि बाजार

या कामांसाठी फोन हातावर हात ठेवून बसून राहत नाही. गिरणीवर दळणाचा डबा ठेवून माणूस बाजार करावयास जातो, तसेच हे आहे. दळण तिकडे चालू राहते, इकडे भाजी घेऊन होते. अशा रीतीने एक काम सुरू करून, ते पुरे होण्याची वाट न पाहता दुसऱ्या कामाकडे वळण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रात ‘असमकालिक’ कार्यपद्धती म्हणतात. आजचे प्रत्येक मोबाइल अ‍ॅप याच पद्धतीवर चालते. तसे ते चालले नाही तर छायाचित्र जाईपर्यंत पडदा गोठून राहील आणि फोन बिघडला असे समजून शेतकरी तो बंद करील.

अडचण येते ती अ‍ॅपची चाचणी घेताना. अ‍ॅपच्या प्रत्येक नव्या आवृत्तीची हाताने तपासणी करणे अशक्य असल्याने अ‍ॅप तयार करणारे लोक चाचणीसाठीही छोटे कार्यक्रम लिहितात. असा चाचणी-कार्यक्रम बटण दाबतो आणि अपेक्षित परिणाम झाला की नाही ते पाहतो. परंतु परिणाम लगेच होत नाही. मग पाहावयाचे केव्हा? यावर सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा तोडगा म्हणजे ठरावीक थांबा. ‘बटण दाबा, तीन सेकंद थांबा, मग “नोंद झाली” हा संदेश शोधा,’ असे लिहिले जाते. डबा ठेवून बरोबर पंधरा मिनिटांनी परत यावयाचे, पीठ झाले असेल तर दळण पास आणि झाले नसेल तर गिरणी बिघडलेली, असे ठरविण्यासारखेच हे झाले. मध्ये वीज गेली होती की आपल्या आधी चार डबे होते, याची चौकशीच नाही.

तीन सेकंद हा आकडा कोठून आला, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळते की, तेवढ्यात काम झाले. ते कोणत्या फोनवर झाले, कोणत्या जाळ्यावर झाले, याची नोंद कोठेच नसते. समजा, प्रत्यक्ष कामाला सरासरी ०.४ सेकंद लागतात आणि अशा २०० चाचण्या आहेत. प्रत्येकीत २.६ सेकंद वाया, म्हणजे एका फेरीत ५२० सेकंद, जवळजवळ नऊ मिनिटे नुसती बसून काढलेली. एके दिवशी चाचणीचा संगणक इतर कामांत गुंतलेला असतो, काम ३.२ सेकंदांनी पुरे होते आणि कशातही दोष नसताना चाचणी नापास होते. मग तीनाचे पाच केले जातात, पाचाचे दहा होतात. आता दोनशे चाचण्यांना केवळ थांब्यापायी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि अकरा सेकंद लागले की चाचणी पुन्हा नापासच होते.

हा प्रश्न काही थोड्या लोकांचा नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये, अपाची संस्थेच्या छत्राखालील ५१ संगणक-प्रकल्पांमध्ये अशा लहरी चाचण्या कशा दुरुस्त केल्या गेल्या याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण निश्चित करता आलेल्या १६१ दुरुस्त्यांपैकी ७४ ठिकाणी, म्हणजे सुमारे ४५ टक्के प्रकरणांत, मूळ दोष असमकालिक कामाची नीट वाट न पाहणे हाच होता. गूगल कंपनीने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तिच्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांमध्ये काही ना काही लहरीपणा आढळत होता. एवढी साधने आणि मनुष्यबळ असलेल्या संस्थेची ही स्थिती असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन तरुणांनी तयार केलेल्या अ‍ॅपबद्दल वेगळे काय अपेक्षावे!

लहरी चाचणीचे खरे नुकसान वेळेचे नसते. एखाद्या शाळेत तोच विद्यार्थी त्याच उत्तरपत्रिकेवर सोमवारी नापास आणि मंगळवारी पास होऊ लागला, तर शिक्षकांचा त्या परीक्षेवरील विश्वास उडेल. अ‍ॅप तयार करणाऱ्यांचेही तसेच होते. नापासाचा लाल शेरा दिसला की ‘पुन्हा एकदा चालवून पाहा’ हा शिरस्ता पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हिरवा शेरा आला की काम पुढे जाते. मग ज्या दिवशी लाल शेरा खरोखरच्या दोषाने आलेला असतो, त्या दिवशीही तो याच शिरस्त्याने पुसला जातो.

खोटा पास

खोट्या नापासापेक्षा घातक प्रकार खोट्या पासाचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते. समजा, चाचणीत असे लिहिले आहे : ‘छायाचित्र पाठवा, दोन सेकंद थांबा आणि पडद्यावर दोषाचा संदेश नाही याची खात्री करा.’ दूरच्या संगणकाने नोंद नाकारली. पण नकार यावयास चार सेकंद लागले. दोन सेकंदांनी चाचणीने पाहिले तेव्हा पडदा स्वच्छ होता. चाचणी पास झाली. अशी चाचणी वर्षभर रोज पास होत राहील, आणि नकार आल्यावर अ‍ॅप काय करते हे एकदाही तपासले जाणार नाही. शेतात उभ्या असलेल्या खातेदाराने मात्र पहिल्या दोन सेकंदांत पडदा पाहून फोन खिशात घातलेला असेल. नोंद गेली नाही हे त्याला कळेल ते अतिवृष्टीनंतर पंचनाम्याच्या वेळी, सात-बाराचा उतारा हाती घेतल्यावर.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. ठरावीक थांबा काढून खुणेची वाट पाहावयाचे ठरविले, तरी खूण चुकीची निवडली तर हाच घोळ होतो. काम चालू असताना अनेक अ‍ॅप पडद्यावर फिरते चक्र दाखवितात. ‘चक्र नाहीसे होईपर्यंत थांबा’ ही अट वरवर निर्दोष वाटते. परंतु बटण दाबल्यावर चक्र उमटण्यासही क्षणभर लागतो. त्या क्षणी चाचणीने पाहिले तर चक्र दिसत नाही, म्हणजे काम संपले, असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः काम सुरूच झालेले नसते. एखादी गोष्ट नसणे ही आरंभीचीही खूण असते आणि शेवटचीही. यासाठी वाट पाहावयाची ती जे काम पूर्ण झाल्यावरच अस्तित्वात येते त्याची : नोंदीचा क्रमांक, पोचेची वेळ, यादीत उमटलेली नवी ओळ. शासकीय कार्यालयांना हा भेद नवा नाही. जावक नोंदवहीत पत्राची नोंद झाली यावरून पत्र पोहोचले असे कोणी मानत नाही. त्यासाठी पोचपावती फाइलला लावावी लागते.

रेल्वेने शिकलेला धडा

कुसगावच्या परिसरातून जाणाऱ्यांना लोणावळ्याचा रेल्वेमार्ग परिचित आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६३ मध्ये खुला केलेला बोरघाटातील मार्ग काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतक्या तीव्र चढाचा आहे. घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतपासून जादा इंजिने जोडावी लागत आली आहेत. अशा मार्गावर पुढची गाडी कोठे आहे हे न कळता मागून दुसरी सोडणे म्हणजे काय, याची कल्पना कोणालाही येईल. तथापि रेल्वेच्या आरंभकाळात इंग्लंड-आयर्लंडमध्ये अनेक मार्गांवर नेमके हेच केले जात असे. एक गाडी निघाली की ठरावीक मिनिटे जाऊ द्यावयाची आणि दुसरी सोडावयाची. एवढ्या वेळात पहिली पुढे गेलीच असेल, हा त्यामागील हिशेब.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ हा हिशेब चुकला. सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली लांबलचक गाडी चढावर अडली. पुढचे डबे आधी वर नेण्यासाठी कर्मचाऱ्यांनी गाडीचे दोन भाग केले. मागचे डबे ब्रेकला न जुमानता उताराने मागे धावू लागले. ठरावीक वेळ गेल्यावर नियमाप्रमाणे सोडलेली दुसरी गाडी त्याच रुळावरून वर येत होती. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर खंडपद्धती सक्तीची करण्याचा अधिकार शासनाला दिला. या पद्धतीत मार्गाचे खंड पाडलेले असतात, आणि पुढचा खंड मोकळा झाल्याची खबर आल्याखेरीज मागची गाडी त्यात सोडली जात नाही. किती मिनिटे झाली हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडील रेल्वे-कर्मचाऱ्यांच्या तोंडी असलेला ‘लाइन क्लिअर’ हा शब्द याच पद्धतीचा.

मोबाइल अ‍ॅपच्या चाचणीत जीवितहानी होत नाही, हे खरे. पण दोहोंतील चूक एकाच जातीची आहे : घटना घडल्याची खबर घेण्याची सोय असताना तिच्याऐवजी वेळेचा अंदाज घेणे.

खबर मिळविण्याचे मार्ग

सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे अट आणि कमाल मुदत यांची जोडी. ‘नोंदीचा क्रमांक दिसेपर्यंत वारंवार पाहत राहा, दिसताच पुढे जा, १५ सेकंदांत न दिसल्यास नापास करा,’ असे चाचणीत लिहावयाचे. येथेही आकडा आहेच, मग फरक काय, अशी शंका येईल. ठरावीक थांब्यात प्रत्येक वेळी पूर्ण वेळ खर्च होतो. कमाल मुदतीत काम ०.४ सेकंदांत झाले तर चाचणीही जवळपास तेवढ्यातच संपते, आणि मुदत संपेपर्यंत थांबण्याची वेळ केवळ काम बिघडले तरच येते. त्यामुळे मुदत सढळ ठेवता येते. वर उल्लेखिलेल्या २०१४ च्या अभ्यासातही प्रतीक्षेच्या दोषाच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या याच मार्गाने झाल्याचे आढळले होते.

दुसरा मार्ग कामानेच आपण संपल्याचे कळविण्याचा. अ‍ॅपल कंपनीने २०१४ मध्ये आपल्या चाचणी-साधनात ‘एक्स्पेक्टेशन’ म्हणजे अपेक्षा नोंदविण्याची सोय केली. चाचणी आधी अपेक्षा नोंदविते, काम पूर्ण होताच ती पुरी झाल्याची खूण केली जाते, आणि तोपर्यंत चाचणी थांबते. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१३ मध्ये खुले केलेले ‘एस्प्रेसो’ हे साधन पडद्याशी संबंधित कामांची रांग रिकामी झाल्यावरच पुढचे पाऊल टाकते. पडद्यामागे चालणाऱ्या इतर कामांची त्याला आपोआप कल्पना नसते. त्यासाठी अ‍ॅपमध्ये एक गणक ठेवता येतो. काम निघाले की एकाने वाढावयाचे, परतले की एकाने कमी व्हावयाचे. शून्य झाले की अ‍ॅप मोकळे. ही योजना चांगली आहे, मात्र एखादे काम दोषासह परतले आणि गणक कमी करावयाचे राहिले, तर चाचणी मुदत संपेपर्यंत अडकून पडते. तेव्हा कमाल मुदत येथेही सुटत नाही.

तिसरा मार्ग अधिक कौशल्याचा, आणि जेथे वेळ हाच अ‍ॅपच्या वागणुकीचा भाग असतो तेथे त्याला पर्याय नाही. छायाचित्र गेले नाही तर अ‍ॅपने ३० सेकंदांनी, मग १ मिनिटाने, मग २ आणि ४ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा, असा नियम आहे असे समजू. खऱ्या घड्याळाने याची चाचणी घ्यावयाची तर साडेसात मिनिटे बसून राहावे लागेल. त्याऐवजी अ‍ॅपला घड्याळ बाहेरून पुरवावे आणि चाचणीच्या वेळी खोटे घड्याळ द्यावे. काटा २९ सेकंदांवर नेला, एकही फेरप्रयत्न झालेला नसला पाहिजे. ३० वर नेला, बरोबर एक झाला पाहिजे. सारी चाचणी क्षणार्धात संपते, आणि अमुक वेळेपर्यंत अमुक गोष्ट घडली नाही हेही नेमकेपणाने सिद्ध होते. खोट्या पासाचे जे उदाहरण वर आले, त्यावरचा उतारा हाच आहे. कोटलिन भाषेच्या चाचणी-साधनांत असे आभासी घड्याळ तयारच मिळते. परंतु अ‍ॅपच्या लेखकाने कोठेतरी परस्पर फोनचे खरे घड्याळ पाहिले असेल, तर तेवढा भाग या नियंत्रणाबाहेर राहतो. म्हणजे चाचणीची सोय अ‍ॅप लिहितानाच करावी लागते. मागाहून ती फार महाग पडते.

याला जोडूनच दूरच्या संगणकाच्या जागी चाचणीपुरता बदली संगणक उभा करावयाचा असतो. तो सांगू तेव्हा उत्तर देतो, नकार देतो, एकाच नोंदीची पोच दोनदा देतो किंवा मुळीच देत नाही. डोंगराआड संपर्क तुटला म्हणजे जे घडते ते पुण्यातील टेबलावर हुकमी घडवून आणता येते.

इतके करूनही शेतावरची परीक्षा टळत नाही. ऐन जुलैत, ओल्या हातांनी, जुन्या फोनवर आणि येत-जात असलेल्या संपर्कावर अ‍ॅप कसे वागते हे पाहण्यासाठी मावळातील खाचराच्या बांधावर उभे राहावेच लागते. मात्र या परीक्षेचा उपयोग नवे प्रसंग शोधण्यासाठी करावा. सापडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा तपासण्याचे काम यंत्राकडे सोपवावे.

स्वीकृतीच्या वेळी

शासकीय विभागासाठी तयार झालेले अ‍ॅप ताब्यात घेताना ‘सर्व चाचण्या पास’ असा अहवाल जोडलेला असतो. तो पाहणाऱ्या अधिकाऱ्याला संगणकाची भाषा येण्याची गरज नाही. चाचण्यांत ठरावीक थांबे किती ठिकाणी आहेत, असा साधा प्रश्न त्याला विचारता येईल. ते शब्दशोधाने मिनिटभरात मोजता येतात. त्याच चाचण्या कोणताही बदल न करता लागोपाठ पन्नास वेळा चालवून दाखवा, असेही सांगता येईल. पन्नासही वेळा तोच निकाल आला नाही, तर अहवालातील ‘पास’ या शब्दाचे मोल काय, हे वेगळे विचारावे लागणार नाही. दूरच्या संगणकाने नकार दिल्याची आणि पोच न आल्याची चाचणी आहे काय, हा प्रश्न तर प्रत्येक करारपत्रात छापून ठेवावा अशा योग्यतेचा आहे.

कुसगावसारख्या ठिकाणी अभियांत्रिकीचे वर्ग आणि भाताची शेते हाकेच्या अंतरावर आहेत. चाचणीचा विषय शिकविणाऱ्या शिक्षकाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण. पंचायत सदस्यांनाही यात वाटा उचलता येईल. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढ्या तक्रारीने कोणाला काही शोधता येत नाही. बटण दाबल्यावर पडद्यावर कोणता शब्द होता, संपर्काची खूण दिसत होती काय, फोन बंद करून उघडल्यावर नोंद यादीत होती काय, एवढे तीन तपशील तक्रारीत आले तर त्यांवरून नवी चाचणी लिहिता येते.

असे तपशील शेतकऱ्याला देता यावेत यासाठी अ‍ॅपने स्वतःची स्थिती लपविता कामा नये. ‘फोनमध्ये जतन झाले’, ‘पाठविणे चालू आहे’ आणि ‘पोच मिळाली, नोंद क्रमांक अमुक’ या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. पुष्कळ अ‍ॅप या तिन्हींसाठी ‘यशस्वी’ हा एकच शब्द वापरतात. त्या वेगळ्या दाखविल्या म्हणजे चाचणी-कार्यक्रमाला वाट पाहण्यासाठी नेमकी खूण मिळते. आणि बांधावर उभ्या असलेल्या खातेदारालाही फोन खिशात ठेवावा की रस्त्याकडे चार पावले जाऊन पुन्हा पाहावे, हे त्याच पडद्यावरून कळते.